जोडून सुट्टी, ईस्टर आणि घरी आलेली भावंडं



मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये कॅलेंडरवर एक शुक्रवार लाल अक्षरात छापलेला असतो. गुड फ्रायडे. शाळेला सुट्टी, बँकेला सुट्टी, बऱ्याच कंपन्यांनाही सुट्टी. त्याला शनिवार-रविवार जोडून आले की कोथरूड, वारजे, पिंपरी-चिंचवडला राहणाऱ्या नणंदा, दीर, बहिणी गाड्या काढतात आणि पौड रस्त्याने आपल्याकडे येतात. भुकूमच्या घराघरात एकदम आठ-दहा पोरं गोळा होतात. पोरांना मजा येते, म्हाताऱ्या माणसांना बरं वाटतं. आणि घरची बाई शुक्रवारी सकाळी ओट्यापाशी उभी राहते, ती रविवारी रात्री गाड्या परत गेल्यावरच बसते.

आज आम्ही या तीन दिवसांबद्दल बोलणार आहोत. हा सण कुणाचा, त्याची तारीख दर वर्षी का बदलते, त्यातलं आपल्या मुलांना हातांनी करण्यासारखं काय आहे आणि घरातलं काम कसं वाटून घ्यायचं, हे सांगू. शेवटी एका अवघड गोष्टीवर येऊ. जमिनीच्या कागदावरून मोठ्यांचं बोलणं बंद झालं की ही भावंडं एकमेकांना भेटेनाशी होतात. त्याचं काय करायचं, तेही बोलू.

सुट्टी ज्या सणाची आहे तो सण

पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती ही की गुड फ्रायडे हा आनंदाचा दिवस नाही. ‘गुड’ शब्दामुळे आपला गैरसमज होतो आणि कुणी कुणी मोबाइलवर शुभेच्छाही पाठवतात. येशू ख्रिस्ताला क्रुसावर खिळून मारलं, त्याची आठवण ठेवण्याचा हा दिवस. मराठी ख्रिस्ती माणसं त्याला उत्तम शुक्रवार किंवा शुभ शुक्रवार म्हणतात. त्या दिवशी उपवास असतो, दुपारी लांब प्रार्थना असते. आपल्या ओळखीत, मुलांच्या शाळेत, कामाच्या ठिकाणी कुणी ख्रिस्ती असेल, तर शुभेच्छा द्यायच्या त्या रविवारी. तो रविवार म्हणजे ईस्टर. मेलेला येशू तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला, या श्रद्धेचा तो सण. ख्रिस्ती लोकांसाठी हा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस.

आता तारखेचं. नाताळ दर वर्षी २५ डिसेंबरला येतो, मग ईस्टर का हलतो? कारण तो चंद्रावर चालतो, आपल्या सणांसारखाच. नियम साधा आहे. २१ मार्च किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. आपल्या पंचांगात बघितलं तर ती पौर्णिमा बहुतेक वेळा होळीची तरी असते, नाही तर हनुमान जयंतीची. २०२४ साली २५ मार्चला धुळवड झाली आणि ३१ मार्चला ईस्टर आला. २०२५ साली १२ एप्रिलला हनुमान जयंती होती, ईस्टर २० एप्रिलला. २०२६ साली हनुमान जयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला. मुलांना कॅलेंडर हातात देऊन ही पौर्णिमा शोधायला सांगा. पाचवी-सहावीतल्या पोरांना हा हिशोब आवडतो.

पौर्णिमेचा संबंध कुठून आला? येशू यहुदी होता आणि यहुद्यांचा वल्हांडण सण पौर्णिमेला येतो. त्या सणाच्या दिवसांतच त्याला मारलं गेलं. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायली लोक हा वल्हांडण सण पिढ्यानपिढ्या पाळत आले आहेत.

मराठी माणसांचा ईस्टर

ख्रिस्ती म्हटलं की आपल्याला इंग्रज आठवतात किंवा सिनेमातली गोव्याची माणसं. पण मराठी बोलणारा, मराठीत प्रार्थना म्हणणारा ख्रिस्ती समाज आपल्या महाराष्ट्रात किती तरी पिढ्यांपासून आहे. वसई १५३४ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली. तिथले सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती आजही आपापली मराठी बोली घरात बोलतात. सामवेदींच्या बोलीला कादोडी म्हणतात. नगर आणि जालन्याकडे खेड्याखेड्यात मराठी ख्रिस्ती कुटुंबं आहेत. आपल्या पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. दुष्काळात निराधार झालेल्या मुली-बायकांना रमाबाईंनी तिथे आसरा दिला, हाताला काम दिलं. ख्रिस्ताची गोष्ट तर मराठी ओव्यांमध्ये १६१६ सालीच छापली गेली, फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त.

या समाजात ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. कॅथलिक लोकांमध्ये त्याची सुरुवात राखेच्या बुधवारी होते. कपाळाला राख लावतात. ईस्टरच्या आधीच्या रविवारी झावळ्या हातात घेऊन मिरवणूक निघते, म्हणून त्याला झावळ्यांचा रविवार म्हणतात. त्या झावळ्या वर्षभर घरात जपून ठेवतात आणि पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी लागणारी राख त्याच जाळून करतात. गुरुवारी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतो. शुक्रवारी शोक. शनिवारी रात्री अंधारात देवळाबाहेर अग्नी पेटवतात, त्यावर एक मोठी मेणबत्ती लावतात आणि तिच्यावरून सगळे आपापल्या मेणबत्त्या लावून घेतात. रविवारी नवे कपडे, गोडधोड आणि नातेवाइकांकडे जाणं-येणं.

या गोष्टीतला एक भाग आपल्यासारख्या बायकांच्या गटाने मुद्दाम ऐकावा असा आहे. रविवारी पहाटे थडग्यापाशी आधी कोण गेलं? बायबलमध्ये येशूचं चरित्र चार जणांनी लिहिलंय आणि चारही ठिकाणी उत्तर एकच आहे. बायका गेल्या. प्रेताला लावायची सुगंधी द्रव्यं घेऊन गेल्या. त्यांत मरीया मग्दालिया नावाची बाई होती. थडगं रिकामं आहे ही बातमी बायकांनी परत येऊन सांगितली, तर लूकने लिहिलंय की पुरुषांना ती बडबड वाटली, त्यांनी विश्वास ठेवला नाही. आज ज्या बातमीवर एवढा मोठा सण उभा आहे, ती आधी बायकांनी सांगितली होती. घरातल्या पोरींना हे जरूर सांगा.

अंड्याला रंग का देतात

ईस्टरला रंगीत अंडी दिसतात, चॉकलेटची अंडी दुकानात येतात. मुंबईत आणि गोव्यात काजू-साखरेची, बदामाची अंडीही करतात. अंडंच का? दोन कारणं आहेत. एक म्हणजे वरून दगडासारखं निर्जीव दिसतं, पण त्यातून जीव बाहेर येतो. थडग्यातून उठण्याच्या गोष्टीला हे चिन्ह जुळलं. दुसरं कारण घरगुती आहे. जुन्या काळी युरोपात उपवासाच्या चाळीस दिवसांत अंडी खायची नाहीत असा नियम होता. पण कोंबड्या काही उपवास करत नाहीत. अंडी साठायची, उकडून ठेवायची, आणि सणाला ती रंगवून मुलांना वाटायची. इराणी लोकही २१ मार्चच्या नवरोजच्या मांडणीत रंगवलेली अंडी ठेवतात. म्हणजे ही वसंतातली जुनी रीत आहे.

रंग विकत आणायची गरज नाही. आपल्या स्वयंपाकघरात दोन पक्के रंग आहेत, कांद्याची सालं आणि हळद.

कांद्याचा रंग असा करा. आठ-दहा कांद्यांची वाळलेली लाल सालं आठवडाभर साठवून ठेवा. एक लिटर पाण्यात ती वीस-पंचवीस मिनिटं उकळा, गाळून गार करा. त्यात दोन मोठे चमचे व्हिनेगर घाला. व्हिनेगर हे आंबट असतं, अंड्याचं कवच चुन्याच्या जातीचं. आंबटामुळे कवच किंचित खरबरीत होतं आणि रंग धरून बसतो. उकडलेली अंडी या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवली की विटकरी तांबडा रंग येतो. जास्त वेळ ठेवली तर गडद होतो. हळदीचं पाणी याच पद्धतीने दोन चमचे हळद घालून दहा मिनिटं उकळायचं. पांढऱ्या अंड्यावर पिवळा रंग छान चढतो, गावरान अंड्यावर कांद्याचा रंग जास्त खुलतो.

नक्षी काढायच्या दोन युक्त्या सांगतो. पहिली पानाची. कोथिंबिरीचं, मेथीचं किंवा चिंचेचं कोवळं पान ओलं करून अंड्यावर चिकटवा, वरून जुन्या पातळ मोज्याचा किंवा मलमलीचा तुकडा घट्ट ओढून गाठ मारा आणि रंगात टाका. बाहेर काढून पान सोडवलं की पानाचा आकार कोरा राहतो, शिरेसकट. दुसरी मेणबत्तीची. मेणबत्तीच्या तुकड्याने अंड्यावर ठिपके, रेघा, नाव काढा. जिथे मेण लागतं तिथे रंग चढत नाही. मात्र रंगाचं पाणी पूर्ण गार हवं, गरम असेल तर मेण वितळतं. युक्रेनमधल्या बायका अशीच मेण वापरून अंड्यांवर फार बारीक नक्षी काढतात.

आता काळजी. अंडी उकडणं आणि रंग उकळणं हे मोठ्या माणसाचं काम. रंगवलेलं अंडं खायचं असेल तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते तासाभराच्या वर बाहेर ठेवू नका. तडकलेलं अंडं खायला देऊ नका. होळीचे उरलेले रंग किंवा ऑइलपेंट खायच्या अंड्याला कधीच लावू नका.

माळकरी घरात काय करायचं

आपल्याकडे किती तरी घरांत माळ आहे. तिथे अंडं स्वयंपाकघरात येणार नाही, आणि पाहुण्या पोरांच्या हौसेसाठी ते आणायचंही कारण नाही. अंड्याचा आकार मातीतून होतो आणि त्यात जीवही घालता येतो.

तीन वाट्या चाळलेली माती, एक वाटी चाळलेलं जुनं शेणखत, थोडं पाणी. भाकरीच्या पिठासारखं मळायचं. अंड्याएवढा गोळा करून त्यात दोन-तीन बिया दाबायच्या. करंज, बहावा, जे आपल्या डोंगरावर मुळात आहे तेच घ्या. गोळे सावलीत चार-पाच दिवस वाळवायचे. वाळल्यावर काव, चुना, हळद लावून रंगवता येतात. चुना मात्र मोठ्यांनी कालवायचा, मुलांच्या डोळ्यांत गेला तर इजा होते. प्रत्येक मुलाने आपल्या गोळ्यांवर खूण करायची आणि टोपलीत घालून आजीकडे ठेवून जायची. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की ते डोंगराच्या उताराला टाकायचे. पुन्हा भेटायला यायचं एक कारण पोरांच्या हातात राहतं. आपल्या शिवारातून रामनदी निघते आणि पुढे भूगाव, बावधन, पाषाण करत मुळेला मिळते. तिच्या वरच्या अंगाला झाडं वाढली तर त्याचा उपयोग खाली शहरात राहणाऱ्या भावंडांनाही आहे.

अंड्यांच्या ऐवजी नदीतले गुळगुळीत गोटे रंगवता येतात, करवंट्या रंगवता येतात. नारळाच्या किंवा शिंदीच्या पातीची पिपाणी, घड्याळ, पोपट करायला आजोबांना सांगा. त्यांना येतं, फक्त कुणी विचारत नाही. वसईकडे झावळीच्या पातीचे छोटे क्रूस विणतात, त्याच बोटांचं हे काम.

हळदीची एक गंमतही करून बघा. कोऱ्या कागदावर हळदीचं पाणी फासून वाळवा. मग साबणाच्या पाण्यात काडी बुडवून त्यावर लिहा. अक्षर तांबडं उमटतं. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तेच इथे साबणाने होतं. एका भावाने लिहायचं, दुसऱ्या बहिणीने वाचायचं.

चैत्रगौर बसलेली असेल तर मुलांना चैत्रांगणाची रांगोळी द्या. सूर्य, चंद्र, तुळस, कासव, नाग, गाईची पावलं, पाळणा. एकेका पोराने एकेक चिन्ह घ्यायचं आणि ते काय आहे हे घरातल्या मोठ्या बाईला विचारून यायचं. आंब्याची डाळ आणि पन्हं तर त्या दिवसांत असतंच.

आणि लपवलेली अंडी शोधण्याचा खेळ. परदेशात ईस्टरच्या सकाळी हा खेळतात. आपल्या वाड्यात, गोठ्यापाशी, परसात गोटे किंवा मातीची अंडी लपवून तो खेळता येतो. यात मोठं पोर सगळं गोळा करतं आणि धाकटं रडतं. त्यावर उपाय सोपा आहे. प्रत्येकाचा रंग ठरवून द्या. आपल्या रंगाचंच उचलायचं, दुसऱ्याचं दिसलं तर त्याला इशारा करायचा. सगळ्यांचं सापडलं की खेळ संपला.

‘कझिन’ म्हणजे नक्की कोण?

शहरातून आलेली पोरं आता सगळ्यांना ‘कझिन’ म्हणतात. एका शब्दात काम होतं खरं. पण आपल्याकडे मामेभाऊ वेगळा, आतेभाऊ वेगळा, चुलत वेगळा, मावस वेगळा. या शब्दात रस्ता असतो. ‘आतेबहीण’ म्हटलं की कळतं, ही बाबांच्या बहिणीची मुलगी. म्हणजे तिची आई याच घरात वाढली, याच विहिरीवर पाणी भरलं. ते घर जसं आपलं, तसं थोडं तिचंही.

म्हणून या तीन दिवसांत करायचं सगळ्यात चांगलं हस्तकाम आम्ही सुचवू ते घराण्याच्या झाडाचं. मोठ्या कागदावर किंवा ओसरीच्या भिंतीवर गेरू-चुन्याने झाड काढा. वहीच्या पुठ्ठ्याची पानं कापा. एकेका पानावर एकेक नाव. आपल्या जुन्या वंशावळी तुम्ही बघितल्या असतील. आजोबा, पणजोबा, त्यांचे मुलगे, मुलग्यांचे मुलगे. मुलगी कुठेच नाही. सून कुठेच नाही. जणू या घरात पुरुषांना पुरुषच झाले. मुलांच्या झाडावर असं चालायचं नाही. प्रत्येक बाईचं पान लागलं पाहिजे, लग्न करून गेलेल्या आत्याचं लागलं पाहिजे, लग्न करून आलेल्या आईचंही.

त्यासाठी मुलांनी आजीला प्रश्न विचारायचे. तुझं माहेर कोणतं? तुझं माहेरचं नाव काय? आपल्याकडे लग्नात नाव बदलायची रीत होती. कित्येक नातवंडांना आजीचं पहिलं नावच माहीत नसतं, ती ते उच्चारते तेव्हा घर गप्प होतं. तुला बहिणी किती? त्या कुठे दिल्या? सासरी कशाने आलीस, बैलगाडीने की चालत? लिहिता येणाऱ्या पोराने लिहून घ्यायचं, धाकट्याने पान चिकटवायचं. सरकारनेही आता निर्णय केला आहे की १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव, असं लिहायचं. घरच्या भिंतीवर आपण एक पिढी मागे जाऊन तेच करू.

काम वाटून घ्या

पाहुणे आले की त्यांनी बसायचं आणि घरच्या बाईने राबायचं, ही रीत मोडायला जोडून सुट्टी चांगली. कारण तीन दिवस आहेत आणि हात भरपूर आहेत.

शुक्रवारी सकाळीच सगळ्या पोरांना बसवा आणि चिठ्ठ्या टाका. पाणी भरणं, ताटं मांडणं, ताटं उचलणं, भाजी निवडणं, अंथरुणं घालणं, अंगण झाडणं. चिठ्ठीत मुलगा-मुलगी बघायचं नाही. भांड्यांची चिठ्ठी पुतण्याला आली तर भांडी पुतण्याने घासायची. आजी हळहळेल, हळहळू द्या. दोन दिवसांनी तीच कौतुकाने सांगेल. पोराच्या हातात खरं काम दिलं की ते ‘बोअर होतंय’ म्हणत मोबाइल घेऊन बसत नाही. आणि बरोबर भांडी घासलेली भावंडं बरोबर जेवलेल्या भावंडांपेक्षा जास्त जवळ येतात, हे आम्ही बघितलंय.

स्वयंपाक आटोपशीर ठेवा. एका वेळी पिठलं-भाकरी, एका वेळी आंबेमोहोराचा मऊ भात, तूप आणि लोणचं, एका वेळी मिसळ. तीन दिवस तीन गोडाचे प्रकार कुणी मागितलेले नसतात, आपणच करतो. एक जेवण आलेल्या भावांनी आणि जावयांनी करायचं, असं येण्याआधीच फोनवर सांगून ठेवा.

एप्रिलमध्ये पाण्याची ओढ असते. शहरातल्या पोरांना नळ सोडून ठेवायची सवय असते, त्यांना पहिल्याच दिवशी घागर दाखवा आणि सांगा, एवढ्यात अंघोळ. बारा ते चार उन्हात पाठवू नका, तेव्हा कागदकाम, गोष्टी, पत्ते. आणि एक कडक नियम. तळं, विहीर, जुन्या खाणीत साठलेलं पाणी, इथे मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय एकाही पोराने जायचं नाही. वरून शांत दिसणारं पाणी किती खोल आहे हे बाहेरून आलेल्या पोराला कळत नाही, आणि आपलं गावातलं पोर त्याला वाचवायला उडी मारतं.

जी भावंडं येत नाहीत

आता ती अवघड गोष्ट.

आपल्या भागात शहर जवळ आलं तशा जमिनीच्या किमती वाढल्या. जिथे नाचणी आणि भात होत होता तिथे इमारती झाल्या. पैसा आला, तशी भांडणंही आली. भावाने बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवलं, तिने सही केली नाही. किंवा केली, आणि तिच्या मुलांना पुढे कळलं. बोलणं बंद झालं. मग राखीपौर्णिमेला ती येत नाही, दिवाळीला येत नाही, जोडून सुट्टीला तिची पोरं येत नाहीत. दोन घरांतली पोरं एकाच कॉलेजात जातात आणि एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. आपल्या गटातही अशी घरं आहेत, आपल्याला माहीत आहे.

यात दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात.

पहिली हक्काची. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच वाटा आहे. महाराष्ट्राने तसा बदल १९९४ सालीच केला होता. हिंदू वारसा कायद्यात देशभरासाठी तो ९ सप्टेंबर २००५ पासून आला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं की हा हक्क जन्माने मिळतो, २००५ साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे, त्यातही मुलगा-मुलगी समान. बहीण हक्क मागते म्हणजे ती भांडण उकरून काढते असं नाही, ती कायद्यात असलेलं मागते. हक्क सोडायचा की नाही हे तिने तिच्या मर्जीने, कागद वाचून, समजून ठरवायचं. म्हणून सणासुदीला आलेल्या बहिणीच्या ताटाशेजारी कागद ठेवू नका. आणि बहिणींनो, पाहुणचाराच्या भिडेने न वाचता सही करू नका. सल्ला हवा असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. उत्पन्न कितीही असलं तरी बाईला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिलेला आहे.

दुसरी गोष्ट भावंडांची. वाटणीचा दावा कोर्टात दहा वर्षं चालेल. मूल दहा वर्षं आठ वर्षांचं राहत नाही. दाव्याचा निकाल लागेल तोवर त्याचं बालपण संपलेलं असेल, आणि आतेबहीण कशी दिसते हे त्याला माहीतही नसेल. जमीन वाटता येते, मोजता येते, तिची किंमत भरून देता येते. गेलेली सुट्टी कुणालाच भरून देता येत नाही.

मग काय करता येईल? मोठ्यांनी एकमेकांशी बोलायलाच पाहिजे असा आग्रह आम्ही धरत नाही. मन दुखावलेलं असतं, ते हुकमाने बरं होत नाही. पण घरातल्या दोन बायका, नणंद आणि भावजय, एवढं ठरवू शकतात की पोरं भेटतील. घरी नको वाटत असेल तर तिसऱ्या ठिकाणी. मावशीकडे, देवळात, शाळेच्या मैदानावर, एका सकाळपुरतं. पोरांसमोर जमिनीचा विषय काढायचा नाही, त्यांच्या हाती निरोप पाठवायचा नाही, ‘तुझ्या आईने आमचं काय केलं’ हे वाक्य पोराच्या कानावर घालायचं नाही. आणि घराण्याच्या झाडावर त्या आत्याचं पान लावायचं, ती येवो न येवो. झाडाचा फोटो काढून तिच्या मुलांना पाठवायचा. खाली काही लिहायची गरज नाही.

हक्क मागितला की माहेर तुटतं, या भीतीने किती तरी बायका गप्प बसतात. ही भीती आपण घरातल्या बायकाच कमी करू शकतो. नणंदेने वाटा मागितला तरी तिच्या पोरांना आपल्या घरात पाणी मिळेल, एवढं भावजयीने दाखवलं तरी पुरे आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्याचा हिशोब झाला की दहा मिनिटं काढा. ज्यांच्याकडे या सुट्टीत पोरं येणार आहेत त्यांनी कांद्याची सालं साठवायला लागा, बिया गोळा करा, चिठ्ठ्यांवर कोणती कामं लिहायची ते ठरवा. ज्यांच्याकडे कुणी येणार नाही, त्यांच्या घरी गटातल्या एखादीने आपली पोरं अर्धा दिवस पाठवा. ज्यांचं बोलणं बंद आहे, त्यांनी निदान एक फोन करून बघा. आणि गावात किंवा सोसायटीत ख्रिस्ती शेजारी असतील तर रविवारी सकाळी पोरांच्या हाती आंब्याची डाळ देऊन त्यांच्याकडे पाठवा, ईस्टरच्या शुभेच्छा द्यायला.